वीजजोडणी नसलेल्या वाडीत सामायिक सौरविजेचे वाटप बहुमताने ठरवावे की एकमताने?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील जंगलातल्या वाड्यांपुरते बोलायचे, तर दोन्ही. रोजच्या वापराच्या वेळा बहुमताने ठरवण्यास हरकत नाही. मात्र आषाढ-श्रावणातील सलग ढगाळ दिवसांत कोणता वापर आधी बंद करायचा, हे पावसाळ्यापूर्वीच सर्व घरांच्या संमतीने लिहून ठेवावे, कारण शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरली की तिचे आयुष्य घटते आणि नव्या बॅटरीची वर्गणी सगळ्यांनाच भरावी लागते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना टिकून राहिलेल्या सामायिक व्यवस्थांमध्ये हेच आढळले: नियम वापरणारेच ठरवतात आणि दंड पायरीपायरीने वाढतो. बैठकीला घरटी एकच माणूस बोलावल्यास बहुधा पुरुषच येतो (रात्री दिव्याखाली राबणारी बाई नव्हे), म्हणून दोघांना बोलवावे.