मुलगीच भेटायला नको म्हणते, तरी कोर्ट भेट देईल का?

हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत वडील असतात, तशा आयाही असतात. माझ्याकडे आलेल्या एका वडिलांचं घर दारूपायी मोडलं. पुढे उपचार घेतले, दारू सुटली, पण चार वर्षं मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं. ती आता दहा वर्षांची. भेटीसाठी अर्ज केला, तर आईकडून उत्तर आलं, "तिलाच भेटायचं नाही."

"मी बदललोय हे न्यायाधीशांना पटलं की झालं ना?" त्यांनी विचारलं. तेवढ्याने भागत नाही. कोर्ट आधी बघतं ते मुलीचं हित. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ९ दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क देतं, तो मुलाला. आणि तोही त्याच्या हिताला बाध येत नसेल तर. कलम १२ म्हणतं, मुलाचं म्हणणं ऐका, त्याचं वय आणि समज पाहून त्याला वजन द्या.

म्हणून त्या नकारामागे काय आहे, हे शोधावं लागतं. घरात मारहाण पाहिलेल्या मुलाची भीती खरी असते. तिथे कोर्ट पत्रांपुरतीच परवानगी देऊ शकतं, भेट नाकारूही शकतं, आणि ते योग्यच आहे असं मी मानते. पण आईला वाईट वाटेल म्हणूनही मुलं नाही म्हणतात. या मुलीने कोर्टाच्या समुपदेशकांना वेगळंच सांगितलं : "बाबा येतो म्हणायचे आणि यायचेच नाहीत. मी तयार होऊन बसायचे."

आदेश टप्प्याटप्प्याचा निघाला. आधी पत्रं, मग पंधरा दिवसांतून एकदा, एक तास, देखरेखीखाली भेट. पहिल्या भेटीला ते बाहुली घेऊन गेले, सहा वर्षांच्या मुलीला शोभेल अशी. तिने ती बाजूला ठेवली. मग त्यांनी जुनं सगळं समजावायला घेतलं, तशी ती दाराकडे बघायला लागली. हे सांगताना ते रडले. मी म्हटलं, तुमची बाजू तिला ऐकवायची घाई करू नका. ती विचारेल तेव्हा खरं आणि थोडक्यात सांगा. आईबद्दल वावगा शब्द नको. आणि काहीही झालं तरी वेळेवर पोहोचा. तिची तक्रार नेमकी तीच आहे.

पुढच्या सुनावणीला देखरेख करणाऱ्यांच्या नोंदी आल्या. एकही भेट चुकलेली नव्हती. वेळ वाढवून मिळाला, बाहेर फिरायला न्यायची मुभाही मिळाली. मुक्कामाला नेण्याची मागणी मात्र फेटाळली, कारण मुलीची अजून तयारी नव्हती. वकील वरच्या कोर्टात जाऊ म्हणाले. मी म्हटलं, तिला वेळ द्या. त्यांनी अपील केलं नाही.