फ्लू शॉटनंतर जीबीएस : भरपाई कुणाकडे मागायची, कधीपर्यंत?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांनी गेल्या ऑक्टोबरात घराजवळच्या फार्मसीत एकाच वेळी दोन लशी घेतल्या, एका दंडात फ्लूची आणि दुसऱ्यात कोविडची. चार-पाच दिवसांनी पोट बिघडलं, ते आपोआप बरं झालं. सोळाव्या दिवशी पायांना मुंग्या यायला लागल्या आणि त्या आठवड्यातच त्यांना उभं राहता येईना. निदान झालं गुइलेन बॅरे सिंड्रोमचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते त्या आजाराचं, 2025 च्या पुण्यातल्या साथीनंतर आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेल्या जीबीएसचं. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं), व्हेंटिलेटर, मग रिहॅब. दहा महिने झाले, डावं पाऊल अजून उचलत नाही. रजा संपली, नोकरी या महिन्याअखेर जाणार, आणि दोघांचाही मुक्काम यजमानांच्या एच-1बी व्हिसावर अवलंबून. ताई विचारतात : दावा फार्मसीवर लावायचा की लस बनवणाऱ्या कंपनीवर? पोट बिघडल्याचं दीर म्हणतात तसं गाळायचं का? एका वकिलाने भरपाईतला तिसरा हिस्सा मागितला आहे, तो कबूल करायचा का?

ताई, दावा या दोघांपैकी कुणावरही लावायचा नाही. निदान आधी तरी नाही. अमेरिकेत 1986 साली लस-इजेचा स्वतंत्र कायदा झाला. डीटीपी (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) लशीवरून कंपन्यांवर इतके खटले पडले होते की बऱ्याच जणांनी लस बनवणंच सोडलं होतं, आणि दुसरीकडे इजा झालेल्या मुलांचे आईबाप वर्षानुवर्षं कोर्टात अडकून पडले होते. तेव्हा संसदेने मधला मार्ग काढला. योजनेतल्या लशींच्या प्रत्येक डोसवर, तो ज्या ज्या रोगापासून वाचवतो त्या प्रत्येक रोगामागे 75 सेंट कर घ्यायचा, त्याचा निधी करायचा आणि इजा झालेल्यांना त्यातून पैसे द्यायचे. कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. फ्लूची लस या योजनेत आहे. म्हणून अर्ज, ज्याला तिथे पिटिशन म्हणतात, करायचा तो वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, आणि तो केंद्राच्या आरोग्यमंत्र्यांविरुद्ध. ज्युरी नसते, निकाल स्पेशल मास्टर, म्हणजे या कोर्टाने नेमलेले खास न्यायाधिकारी, देतात. हा टप्पा गाळून थेट राज्याच्या कोर्टात गेलात तर दावा फेटाळला जाईल, आणि तेवढे महिने फुकट जातील. पुढे इथला निकाल पसंत पडला नाही तर तो नाकारून कंपनीवर दावा लावता येतो, पण ती वाट 2011 च्या ब्रूसविट्झ खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने फारच अरुंद झाली आहे. त्या आशेवर राहू नका.

तुम्ही लिहिता की असा अर्ज केला तर लोक आपल्याला लसविरोधी म्हणतील, आणि ‘फ्लू शॉट घेच’ असा आग्रह मीच धरला होता. ताई, कोट्यवधी लोक लस घेतात म्हणून समाज वाचतो, आणि त्यात ज्या थोड्यांना इजा होते त्यांचा भार समाजानेच उचलावा, यासाठी हा कायदा आहे. 1988 पासून या निधीतून 5 अब्ज डॉलरहून अधिक दिले गेले आहेत. तुम्ही कुणाच्या विरोधात उभ्या नाही. तुमचा हक्क मागता आहात. आणि आग्रह धरलात तो काळजीपोटी. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता मुदतीकडे या, कारण माणसं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. पिटिशनला तीन वर्षं मिळतात. ती लस घेतल्यापासूनही मोजत नाहीत आणि निदानापासूनही नाही, तर पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत, मुंग्या आल्या तो दिवस. सरकारने एक तक्ता केलेला आहे, व्हॅक्सिन इंज्युरी टेबल. फ्लूची लस घेतल्यावर 3 ते 42 दिवसांत जीबीएसचं पहिलं लक्षण दिसलं तर ते लशीमुळेच झालं असं कायदा धरून चालतो. सोळावा दिवस त्यात नीट बसतो. दुसरी अट अशी की त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, तीही तुम्ही पूर्ण करता. (लहान मुलांच्या आईबापांसाठी सांगून ठेवतो : रोटाव्हायरसच्या लशीनंतर आतड्यात आतडं शिरलं आणि मूल दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली, तर ते महिन्याभरात बरं झालं तरी अर्ज करता येतो. आणि दुर्दैवाने मृत्यू झाला असेल तर मुदत मृत्यूपासून दोनच वर्षं, पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत.)

मात्र तुमच्या पत्रातली खरी घाईची गोष्ट वेगळीच आहे, दुसऱ्या दंडातली कोविडची लस. ती या योजनेत नाही. तिच्यासाठी सीआयसीपी नावाची निराळी योजना आहे, आणि तिची मुदत लस टोचल्याच्या दिवसापासून एकच वर्ष. म्हणजे तुमच्या हातात दोन महिने आहेत. तिथे कोर्ट नाही, वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फी योजनेतून मिळत नाही, आणि मंजूर झालेले अर्ज अगदी मोजके. माझं मत विचाराल तर तुमचा भक्कम दावा फ्लूच्या लशीचाच आहे. तरीही हे दार उघडं असेतोवर अर्जाचा विचार वकिलाबरोबर बसून आत्ताच करा. दोन्ही अर्ज केलेत तर त्यांतल्या तारखा आणि हकिगत एकमेकांशी तंतोतंत जुळू द्या.

पोटाच्या तक्रारीचं काय? गाळू नका, अजिबात नाही. ती इमर्जन्सीच्या कागदांत असणारच, आणि सरकारी वकील पहिल्यांदा तेच पान काढतील. कँपिलोबॅक्टर जंतूने पोट बिघडलं की त्यामागून जीबीएस होऊ शकतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. पुण्याच्या साथीतही हाच जंतू सापडला होता. पण इथे टेबलचा तुम्हाला मोठा आधार आहे. आजार टेबलमध्ये बसला की दुसरं कारण होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर जाते. नुसतं ‘पोट बिघडलं होतं, असेलही’ एवढ्याने भागत नाही. हॉस्पिटलने शौचाची तपासणी केली होती का ते बघा. केली असेल आणि जंतू सापडला नसेल, तर तो रिपोर्ट तुमच्या फाइलमधला फार मोलाचा कागद ठरेल. लपवलेली गोष्ट उघडी पडली तर मात्र यजमानांच्या बाकीच्या शब्दावरही विश्वास राहणार नाही. दिरांना हे स्पष्ट सांगा.

पैसे कशाकशाचे मिळतात : विम्याने न दिलेला आजवरचा आणि पुढचा औषधोपचार, फिजिओथेरपी, घरात लागणारे बदल, आणि बुडालेला व बुडणारा पगार. वेदनांपोटी जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर. तुम्ही स्वतः नोकरी सोडून सेवा केलीत, तो तुमचा बुडालेला पगार यात येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा तसा आहे. निकालाला दोन-तीन वर्षं लागू शकतात, आणि मिळणाऱ्या भरपायांपैकी सुमारे 60 टक्के तडजोडीने ठरतात.

तो तिसरा हिस्सा मागणाऱ्या वकिलाला नकार द्या. या योजनेत वकिलाची फी कोर्ट ठरवतं आणि ती निधीतून वेगळी देतं. भरपाईतून टक्का घ्यायला कायद्याने बंदी आहे. अर्ज प्रामाणिक आणि साधार असेल तर हरल्यावरही फी मिळते, त्यामुळे जाणता वकील तुमच्याकडे पैसे मागणारच नाही. अर्जाचं शुल्क 405 डॉलर, तेही नंतर परत मागता येतं. हे काम करणाऱ्या वकिलांची यादी त्या कोर्टाच्याच संकेतस्थळावर आहे. वकील न्यू जर्सीचाच हवा असं नाही.

व्हिसाचं म्हणाल तर पिटिशनला नागरिकत्व लागत नाही. लस अमेरिकेत टोचली गेली, एवढं पुरे. पण पिटिशन चालू आहे म्हणून व्हिसाही टिकत नाही. नोकरी संपली की साधारणपणे 60 दिवस मिळतात, आय-94 (देशात राहण्याची मुदत लिहिलेली नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्यासाठी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा, आणि तोही याच आठवड्यात. परत पुण्याला जावं लागलं तरी दावा चालू राहतो, पण कागद मात्र निघण्याआधी हातात हवेत : फार्मसीची नोंद लॉट नंबरसह, हॉस्पिटलची पूर्ण फाइल, नसांच्या तपासणीचे आणि पाठीतल्या पाण्याचे रिपोर्ट, रिहॅबच्या नोंदी, लशीआधीच्या तीन वर्षांचे फॅमिली डॉक्टरांचे कागद, पगाराचे डब्ल्यू-2 (मालकाने दिलेलं वर्षाच्या पगाराचं पत्रक). नुसती डिस्चार्ज समरी चालत नाही. ‘कंप्लीट मेडिकल रेकॉर्ड’ असं लिहून मागा आणि इमर्जन्सीतली पहिली नोंद आधी वाचा. मुंग्या कधी सुरू झाल्या याची तारीख तिथे चुकीची पडली असेल, तर दुरुस्तीची लेखी विनंती आजच द्या.