मूल मागे पडेल या भीतीपोटी लावलेले तीन क्लास

समुपदेशनासाठी येणारे पालक अलीकडे अभ्यासाच्या तक्रारींइतकीच आणखी एक काळजी घेऊन येतात. कोडिंग, रोबोटिक्स, कृत्रिम बुद्धिमत्ता हे सारे आत्ताच शिकवले नाही तर आपले मूल पुढच्या काळात टिकेल का, आणि शिकवायचे तर कोणत्या वयात आणि किती, असे ते विचारतात. एका कुटुंबाच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाला उत्तर देता येईल असे वाटते. पालकांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले ते त्याच्या पोटदुखीमुळे. दर शनिवारी सकाळी त्याचे पोट दुखायचे. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून शारीरिक कारण नसल्याचे सांगितले होते आणि समुपदेशकाला भेटण्याचा सल्ला दिला होता. शनिवारी नेमके काय असते, असे विचारल्यावर आईने वेळापत्रक सांगितले: शनिवारी सकाळी कोडिंग, दुपारी रोबोटिक्स आणि रविवारी कृत्रिम बुद्धिमत्तेचा ऑनलाइन क्लास. तिने सोबत प्रमाणपत्रांची फाइलही आणली होती. ती एकेक प्रमाणपत्र दाखवत असताना मुलाने त्यांपैकी एकाकडेही मान वळवून पाहिले नाही, याची मी मनात नोंद घेतली.

मुलाशी एकट्याने बोलताना मी क्लासविषयी काही विचारले नाही. त्याने तयार केलेले काहीतरी दाखवशील का, एवढेच विचारले. त्याने लॅपटॉपवर स्क्रॅच उघडले. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या या माध्यमात सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम तयार करता येतो. त्याच्या खेळात एक मांजर डावीकडे-उजवीकडे हलवून वरून पडणारे तारे झेलायचे होते. एक तारा झेलला की गुण एकने वाढायला हवा होता, पण तो एकदम सात-आठने वाढत होता. असे का होत असेल, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘माझा असाच होतो. सर येऊन नीट करून देतात.’’ आणि तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

मी उत्तर सांगितले नाही. प्रत्येक ठोकळा मोठ्याने वाचायला सांगितला आणि तारा मांजराच्या अंगावरच थांबवून ठेवला तर काय होते ते बघ, म्हटले. गुणांचा आकडा भराभर धावू लागला. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘म्हणजे तो एकदाच विचारत नाहीये. स्पर्श झाला का, स्पर्श झाला का, असं सारखं विचारतोय!’’ त्याचा अंदाज अचूक होता. स्क्रॅचमध्ये अशी पुन्हा पुन्हा होणारी तपासणी साधारणपणे सेकंदाला ३० वेळा होते, त्यामुळे तारा पाव सेकंद जरी मांजराला चिकटून राहिला तरी सात-आठ गुण जमा होतात. हा हिशेब त्याने स्वतः करून पाहिला आणि गुण वाढल्याबरोबर ताऱ्याला वर पाठवून देणारा ठोकळा जोडला. खेळ नीट चालू लागल्यावर तो माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलू लागला.

त्या बोलण्यातून पोटदुखीचे मूळ कळले. कोडिंगच्या क्लासमध्ये प्रत्येक तासाला एक प्रकल्प पूर्ण व्हावा लागे आणि शेवटी तो पालकांसमोर दाखवावा लागे. वेळ कमी असल्याने चूक निघाली की शिक्षक स्वतः ती दुरुस्त करत आणि मूल बाजूला उभे राहून पाही. आपला प्रोग्रॅम चालत नाही याचा अर्थ आपल्याला जमत नाही, असे या मुलाने मनाशी पक्के केले होते. मला हे फार गंभीर वाटते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाचा बराचसा वेळ चुका शोधण्यातच जातो. नेमके तेवढेच काम मुलाच्या हातून काढून घेतले, तर उरते ती केवळ नक्कल, आणि तिला कितीही सुबक प्रमाणपत्र मिळाले तरी तिची कौशल्यात गणना करता येणार नाही.

पुढच्या भेटीत मी फक्त आई-वडिलांना बोलावले. तीन क्लास कसे ठरले, असे विचारले तेव्हा वडिलांनी आईकडे पाहिले. आई लेखा विभागात काम करते. तिच्या कार्यालयात हिशेब जुळवण्याचे काम आपोआप करणारी प्रणाली आली, तिच्या बरोबरीच्या काही जणींची बदली झाली, काहींना घरी बसावे लागले. ‘‘मॅडम, मी इतकी वर्षं मन लावून काम केलं आणि माझ्या जागी यंत्र येईल की काय, या विचारानं मला रात्र रात्र झोप लागत नाही. त्याच्यावर ही वेळ येऊ नये,’’ असे म्हणताना तिला रडू आले. तिची भीती खरी होती आणि तिला कारणही होते. पण ती भीती तिच्या नोकरीतून आलेली होती आणि तिचे ओझे शनिवारी सकाळी एक अकरा वर्षांचा मुलगा वाहत होता. या दोन गोष्टी वेगळ्या करणे हेच त्या भेटीतले मुख्य काम होते, आणि तिच्या स्वतःच्या काळजीसाठी स्वतंत्र भेटी घेण्याचेही आम्ही ठरवले.

‘‘मग काहीच शिकवू नये का?’’ हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. शिकवावे, असेच माझे मत आहे. मात्र काय टिकणार आहे हे ओळखून शिकवावे. मुलांना हाताळता येईल अशी ‘लोगो’ ही संगणकभाषा सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये तयार केली; आज ती फारच थोडी मुले वापरतात. ॲडोबी कंपनीच्या ज्या फ्लॅश या साधनावर असंख्य मुले खेळ आणि चलच्चित्रे बनवायला शिकली, त्याचा आधार कंपनीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि सांगितल्याबरोबर प्रोग्रॅम लिहून देणारी साधने घरोघरी पोचली. एखाद्या साधनाची बटणे पाठ झाल्याने मुलाचे भविष्य सुरक्षित होत नाही, हे यावरून दिसते. मोठे काम लहान भागांत तोडणे, घडते आहे ते बारकाईने पाहणे, यंत्राने दिलेल्या उत्तरावर शंका घेणे आणि आपण काय केले हे दुसऱ्याला समजेल असे सांगणे, या सवयी मात्र लोगोच्या काळी लागत होत्या तशाच आजही लागतात.

शंका घेण्याची सवय कशी लागते, हे आई-वडिलांना प्रत्यक्ष पाहता यावे म्हणून मी तिघांनाही एक घरकाम दिले. गूगलच्या टीचेबल मशीन या मोफत साधनात कॅमेऱ्यासमोर नमुने दाखवून संगणकाला ओळख शिकवता येते आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. मुलाने हसरा आणि गंभीर असे स्वतःचे दोन चेहरे त्याला शिकवले. त्याच्या बाबतीत उत्तर बरोबर येई. चष्मा लावलेले वडील कितीही हसले तरी ते गंभीरच ठरत. ‘‘मी फक्त माझेच फोटो दिले म्हणून असं झालं का?’’ असे मुलाने विचारले, तेव्हा त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेतील एका मूलभूत तत्त्वाला हात घातला होता. यंत्राला जे दाखवले जाते त्यावरूनच ते शिकते. ज्यांचे नमुने दाखवले नाहीत त्यांच्याबाबत ते चुकण्याची शक्यता अधिक असते. मग वडिलांचे, धाकट्या बहिणीचे, कमी उजेडातले असे नमुने वाढवत त्याने पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. रविवारच्या क्लासमध्ये याच विषयावरची चित्रफीत त्याने पाहिली होती, पण हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नव्हता.

वयाविषयी पालक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. अगदी लहान मुलांना पडद्याची गरज नाही. ‘मी सांगेन तसेच चित्र काढ’ यासारख्या खेळांतून सूचना किती नेमकी असावी लागते हे त्यांना उत्तम कळते. वाचता न येणाऱ्या पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनिअर आहे, आठव्या वर्षापासून स्क्रॅच. चॅटजीपीटीसारख्या साधनांबाबत घाई करू नये. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गातील त्यांच्या वापरासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे, आणि त्यानंतरही सुरुवातीला पालकांनी सोबत बसावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तीनपैकी कोणता क्लास ठेवायचा हे मुलावर सोपवले. त्याने रोबोटिक्स ठेवला, कारण तिथे मोटर जोडून वस्तू हलवायला मिळते आणि कोणासमोर सादरीकरण करावे लागत नाही. कोडिंग घरीच सुरू राहिले, आठवड्यातून दोन संध्याकाळी, आणि त्यात आईने एक बदल केला: ‘आज किती झालं?’ हा प्रश्न बंद करून ती ‘हे कसं केलंस, मला दाखव बरं’ असे विचारू लागली. तिला हे सोपे गेले नाही. नव्या क्लासची जाहिरात दिसली की ती अजून अस्वस्थ होते आणि मला तसे मोकळेपणाने सांगते. शनिवारची पोटदुखी हळूहळू कमी होत थांबली.

सध्या तो बहिणीसाठी पाढ्यांचा खेळ बनवतो आहे. तोच तोच प्रश्न लागोपाठ येऊ नये म्हणून विचारून झालेले प्रश्न यादीत साठवण्याची युक्ती त्याने स्वतः काढली. पण सगळे प्रश्न यादीत जमा झाले की खेळ बंद पडतो, आणि त्यावर त्याचे काम चालू आहे. गेल्या भेटीत आईने पायथॉन या, ठोकळ्यांऐवजी सूचना लिहून प्रोग्रॅम करायच्या संगणकभाषेविषयी विचारले, ‘‘आता पायथॉन सुरू करायचं का?’’ मी म्हटले, ठोकळ्यांत मावणार नाही असे काही त्याला करावेसे वाटले की तो स्वतःच विचारेल, तेव्हा सुरू करा. तोवर या यादीचे काय करायचे ते त्याला ठरवू द्या.