टीममधल्या लोकांना पर्सनॅलिटी टेस्टचा रिपोर्ट कसा समजावून सांगावा?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीतल्या तुमच्या ऑफिसात आठ जणांच्या टीमची पर्सनॅलिटी टेस्ट झाली, रिपोर्ट तुमच्याकडे आलेत आणि प्रत्येकाशी अर्धा तास बोला असं एचआरने सांगितलंय. त्यात वयाने तुमच्यापेक्षा मोठ्या असलेल्या एका सहकाऱ्यांचा ‘इमोशनल स्टॅबिलिटी’चा, म्हणजे ताणातही मन किती स्थिर राहतं याचा, स्कोअर १८ पर्सेंटाइल आलाय, आणि तो त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, असं विचारलंय.

मी मुंबईत सतरा वर्षं एचआरमध्ये आहे आणि असे रिपोर्ट घेऊन बऱ्याच लोकांसमोर बसले आहे. तुम्हाला हा प्रश्न पडला याचाच मला आनंद झाला. बरेच मॅनेजर पीडीएफ फॉरवर्ड करून मोकळे होतात.

त्या १८ ला हात घालण्याआधी त्यांना एक विचारा: ही टेस्ट तुम्ही कधी आणि कुठे बसून दिलीत?

हे मी एका मॅडमकडून शिकले. विक्रोळीच्या एका ऑफिसात अकाउंट्समधल्या मॅडम माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांचाही याच गोष्टीतला स्कोअर तळाला होता, आणि रिपोर्ट त्यांना आधीच मेलवर गेलेला होता. प्रिंट काढून आणली होती. बोलताना त्या कागदाचा खालचा कोपरा दुमडायच्या, नखाने सरळ करायच्या, परत दुमडायच्या. मी विचारलं, “ताई, ही टेस्ट भरलीत कधी?” म्हणाल्या, “शेवटच्या तारखेला, रात्री. सासरे ॲडमिट होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर भरली.”

‘मला लहानसहान गोष्टींची काळजी वाटते’ अशा वाक्यापुढे त्या रात्री त्यांनी दुसरं काय निवडायचं होतं? एक्स-रेमध्ये हाड दिसतं. या रिपोर्टमध्ये माणसाने त्या दिवशी स्वतःबद्दल काय सांगितलं तेवढंच दिसतं, त्यामुळे तो दिवस कसा होता हे माहीत नसेल तर आकडा अर्धाच वाचल्यासारखा होतो.

पण मी तो स्कोअर बाजूला सारणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “तशी मी एरवीही काळजी करतेच हो.” मग मी विचारलं, कशाची, कधी? तेव्हा खरं बोलणं सुरू झालं. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न जातं. पर्चेसची बिलं १९ तारखेपर्यंत येतच राहतात, आणि त्या दोन रात्री त्यांना झोप नसते. टॅलीतले आकडे तीन-तीनदा जुळवून बघतात. त्यांच्या हातून एकही रिटर्न चुकलेलं नव्हतं, हे त्यांच्या साहेबांनाही ठाऊक होतं, फक्त ते कसं होतं हे कोणी विचारलेलं नव्हतं. आम्ही तिथेच ठरवलं की पर्चेसकडून बिलं १२ तारखेच्या आत मागायची आणि तसा मेल साहेबांच्या नावाने जाईल. त्या अर्ध्या तासातून हाती लागलेली गोष्ट ही, आणि रिपोर्टच्या चौदा पानांत ती कुठेच नव्हती.

कामाकडे वळणं इतकं का महत्त्वाचं, याला संशोधनाचा आधार आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले, सहाशेहून जास्त निष्कर्ष. सरासरीने फीडबॅकचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकमुळे माणसाचं लक्ष कामावरून सुटून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की त्याचा उपयोग कमी होत जातो. आता विचार करा, पर्सनॅलिटीचा रिपोर्ट तर पहिल्या पानापासून ‘तू कसा आहेस’ हेच सांगत असतो. तो कामापर्यंत आणून सोडणं ही जबाबदारी तुमची.

पर्सेंटाइल मात्र नीट समजावा, इथे घाई करू नका. सीईटीमुळे हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचलाय, तरीही ऑफिसच्या कागदावर १८ दिसलं की १०० पैकी १८ मार्क मिळाले, नापास झालो, असंच वाटतं. सांगा की ज्या गटाशी तुलना केली त्यातल्या साधारण १८ टक्के लोकांचा स्कोअर तुमच्याएवढा किंवा त्याहून कमी आहे. यात पास-नापास नाही. आणि तो गट कोणता, हे एचआरला आधीच विचारून ठेवा. परदेशातल्या मॅनेजर लोकांशी तुलना केलेली असेल तर तो आकडा अंधेरीतल्या माणसाबद्दल फार काही सांगत नाही. शिवाय कुठल्याही टेस्टमध्ये थोडा मागे-पुढे फरक असतोच. आज १८ आलेत, दोन महिन्यांनी १२ किंवा २७ येऊ शकतात. ‘तळाच्या भागात’ एवढंच म्हणा, १८ आणि २२ मधला फरक काढत बसू नका.

शब्दांचंही बघा. रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि आपण तो घाईघाईत मराठीत आणतो. ‘भावनिक अस्थिरता’ म्हटलं की समोरच्याला दवाखान्याचा वास येतो. हा आजाराचा निकाल नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि तुम्ही रोज जसं बोलता तसंच विचारा: “ताण आला की तो तुम्हाला लवकर जाणवतो आणि बराच वेळ राहतो, असं तुमच्या उत्तरांवरून दिसतंय. तुम्हाला पटतं का?” ‘लो ॲग्रीएबलनेस’चंही, म्हणजे दुसऱ्यांशी जुळवून घेण्याकडे कल कमी, तसंच. त्याचं ‘असहकारी’ करू नका. तो माणूस कदाचित मीटिंगमध्ये तोंडावर ‘हे जमणार नाही’ म्हणणारा असेल, आणि टीममध्ये तसा एक लागतोच. मात्र प्रत्येक कमी स्कोअरला गुणाचा मुलामा देत बसू नका. पन्नाशीच्या माणसाला गोड बोलणं लगेच कळतं, आणि मग पुढचं काहीच खरं वाटत नाही.

पटतं का, याचं उत्तर ‘अगदी बरोबर!’ आलं तरी तिथे थांबू नका. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून कागद दिला. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. म्हणून मान डोलली की विचारा, “गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग सांगाल?” प्रसंग आठवला तर त्या वाक्यात काहीतरी आहे. नाही आठवला तर पान उलटा. आणि ते म्हणाले ‘हे मी नाहीच’, तर वाद घालू नका. त्यांना स्वतःबरोबर राहून पन्नास वर्षं झालीत, टेस्टला वीस मिनिटं.

एक गोष्ट कृपा करून टाळा, ती म्हणजे सगळ्यांसमोर वाचन. माझ्या आधीच्या एका कंपनीत बाहेरून ट्रेनर आले होते, लाल-पिवळा-हिरवा-निळा अशा चार रंगांची टेस्ट होती. कॉन्फरन्स रूममध्ये एकेकाचं नाव घेऊन रंग जाहीर केला, टाळ्या झाल्या, आणि प्रत्येकाच्या मॉनिटरवर त्या रंगाचा स्टिकर लागला. एक मुलगा निळा होता, म्हणजे शांत आणि आकड्यांत रमणारा. पुढे वर्षभर त्याला क्लायंटच्या कॉलवर कोणी घेतलं नाही. “तो निळा आहे ना” असं म्हणायचे. त्याला कॉलवर जायचं होतं, हे त्याने मला राजीनामा देताना सांगितलं. तेव्हा त्या खोलीत मीही बसले होते, आणि काही बोलले नाही. आजही कोणी कोणाला एका अक्षराने किंवा रंगाने हाक मारली की मी लगेच थांबवते. मायर्स-ब्रिग्जची सोळा प्रकारांची टेस्ट जे विकतात तेसुद्धा सांगतात की ती नोकरीवर घेण्या-न घेण्यासाठी वापरू नका. मग काम वाटताना ती कशाला वापरायची?

त्यामुळे बोलायला बसण्याआधी एचआरकडून लेखी घ्या की हे रिपोर्ट कोण-कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि अप्रेझलला वापरणार की नाही. पहिल्या पाच मिनिटांत समोरचा हेच विचारणार आहे, तोंडाने नाही तर मनात. ‘माहीत नाही’ असं उत्तर असेल तर तो मोकळं बोलणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

जागा काचेच्या केबिनची नको, बाहेरून चेहरा दिसतो. टपरीवर कटिंग घेता घेताही नको, तिथे अर्धं ऑफिस असतं. संध्याकाळी साडेपाचला तर बोलावूच नका. ज्यांना अंधेरीहून दादर गाठून पुढे बदलापूर-टिटवाळ्याची गाडी धरायची असते ते तोवर मनाने प्लॅटफॉर्मवर पोचलेले असतात. सकाळी अकराच्या सुमाराला माणूस निवांत बोलतो.

बोलता बोलता त्यांनी घरचं किंवा झोप उडाल्याचं काही सांगितलं, तर रिपोर्ट बंद करा आणि ऐका. तुम्ही समुपदेशक नाही, तसं व्हायचा प्रयत्नही करू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. नंबर कागदावर लिहून द्या, मेलवर नको.

आणि क्रम. तुमच्या त्या मोठ्या सहकाऱ्यांना पहिले बोलावू नका, पहिल्या बोलण्यात तुमचीच जीभ अडखळेल. शेवटीही ठेवू नका, कारण बाकीचे सात जण जेवणाच्या टेबलावर आपापले आकडे सांगत असताना ते दोन दिवस गप्प बसून राहतील. आधी तुमचा स्वतःचा रिपोर्ट एचआरसमोर बसून समजून घ्या, म्हणजे त्या खुर्चीत कसं वाटतं ते कळेल. मग दोघांशी बोला, आणि तिसरे त्यांना बोलवा.