ब्रेक धरून बसतोय? पार्ट बदलायच्या आधी निपल उघडून बघा

प्रश्न: माझी 2006 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो की पालीपर्यंतच, म्हणजे घाट लागायच्या आधीच, पुढचं डावं चाक तापतं, जळका वास येतो आणि स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागतं. अर्धा तास थांबलो की परत ठीक. पॅड बदलले, कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) रबर किट टाकलं, काही फरक नाही. आता मेकॅनिक मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा पंप) बदला म्हणतोय. बदलू का?

उत्तर: एवढ्यात नको हो. मास्टर सिलेंडरची गडबड असती तर सहसा एकटं डावं चाक धरलं नसतं, जोडीला दुसरंही कुठलंतरी चाक तापलं असतं. मला तुमच्या वर्णनावरून होज पाइपचा संशय येतोय, कॅलिपरला जाणारा तो रबरी पाइप. बाहेरून चकाचक दिसतो पण वर्षानुवर्षांत आतलं रबर फुगतं, सुटतं आणि व्हॉल्व्हसारखं वागायला लागतं. तुम्ही पेडल दाबता तेव्हा जोर एवढा असतो की ऑइल खाली जातंच, पण परत येताना ढकलायला काही नसतं, कारण डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंगच नसते, पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर थोडं पिळलं जातं आणि ते सरळ होताना पिस्टन केसभर मागे येतो, बस. तेवढ्या जोरावर ऑइल परत जात नाही, मग थोडं थोडं झिरपून अर्ध्या तासात चाक सुटतं.

पण माझ्या संशयावर पैसे घालवू नका, तपासा. मुख्य अट म्हणजे चाक धरलेलं असतानाच बघायचं. गॅरेजला गाडी थंड होऊन पोचते, चाक मस्त फिरतं, आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, जॅकखाली स्टँड, हात जपून कारण डिस्क भाजते. कॅलिपरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून अर्धा आटा सोडा. ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलंय. चार थेंब येऊन चाक तसंच घट्ट राहिलं तर पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपर सरकायच्या पिना सुकल्यात. किट टाकताना पिना कोणी काढून साफ केल्या का ते विचाराच, आणि साधं ग्रीस लावलं असेल तर त्यानेही रबर फुगतं, तिथे ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लागतं.

प्रेशर निघालं तर पुढची पायरी: निपल बंद करा, पेडल मारून परत धरू द्या, आता होजच्या वरच्या टोकाचा लोखंडी पाइपचा नट थोडा ढिला करा. तरीही चाक सुटलं नाही तर होजच. सुटलं तर दोष वर आहे, तेव्हा मास्टर सिलेंडरचा विचार करा, पण त्याआधीही पेडलला थोडा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) आहे ना ते बघा, ब्रेक लाइटचा स्विच जास्त पुढे बसवला असेल तरी पेडल पूर्ण वर येत नाही आणि ऑइलची परतीची वाट बंद राहते.

होज निघाला तर दोन्ही बाजूंचे बदला, पाइपातली एअर काढून घ्या आणि ऑइल पूर्ण नवं भरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात ते काय सांगायचं. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान 205 अंशाला उकळतं, पाणी शिरलं की ही मर्यादा 140 वर येते. आंबा घाट उतरताना एक चाक आधीच तापलेलं असेल तर ऑइल उकळून पेडल सरळ खाली जाईल, दुरुस्ती होईपर्यंत कृपया या गाडीने घाट नको.

प्रश्न: पावसाळ्यात आठवडाभर गाडी उभी राहिली की मागची चाकं जाम होतात.

उत्तर: हँडब्रेक ओढून ठेवता ना? ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमला गंजून चिकटतात. गिअरमध्ये टाका, चाकाला लाकडी ठोकळा लावा, हँडब्रेक सोडा. तरीही होत असेल तर हँडब्रेकची केबल आतून गंजलीय, नवीनच टाका, केबलमध्ये ऑइल सोडलं तरी ती फार दिवस चालत नाही.