नाणेघाटाला परत ये

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना काळजी वाटली, दुसऱ्यांदा ती गेली. जुलैत तुम्ही पाच जण पहाटे चारला पुण्याहून निघालात, घाटाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडीच तास अडकलात, उलटा धबधबा पाहिलात, भिजलात, कणसं खाल्लीत, आणि रात्री घरी पोचल्यावर फोनमधले सत्तर व्हिडिओ चाळताना तुला काहीच वाटलं नाही. डिसेंबरात गोव्याहून परतल्यावरही तेच. ‘सर, सगळ्यांना होतो तो आनंद मला होत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?’ असं तू विचारलं आहेस.

कमी काही नाही गं. ओळख ना पाळख अशा माणसाच्या लग्नात जेवून आल्यावर जसं वाटतं, तसं तुला वाटलं. पंगत छान होती, जेवणही छान होतं, पण नवरा कोण नि नवरी कोण हेच ठाऊक नव्हतं. तिथून हसत बाहेर पडता येतं, पण भरल्या मनाने नाही.

तू नेमकी नाणेघाटालाच गेलीस म्हणून मला बोलायला सोपं झालं. तिथली एक गोष्ट मी तुम्हा मुलांना वर्गात कधी सांगितली नव्हती.

मी त्या बाजूला पहिल्यांदा गेलो तो बदली होऊन, तेही तोंड पाडून. तेवीस वर्षांचा होतो. घाटघरकडच्या एका वाडीतली एकशिक्षकी शाळा, चार इयत्ता एकाच खोलीत, पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगावरचे कपडे वाळायचे नाहीत. एस.टी. वाटेत सोडायची, पुढे पायी. पहिल्या महिन्यात मी घरी तीन पत्रं लिहिली, तिन्हींत एकच मजकूर : इथून सोडवा.

तिसरीतला एक मुलगा रोज माझ्याबरोबर माझ्या खोलीपर्यंत चालत यायचा. एके दिवशी वाटेच्या दोन्ही अंगांना माजलेल्या उंच, खरबरीत पानांच्या झुडपांकडे बोट दाखवून मी विचारलं, “ही कसली रे झाडं? फुलं नाहीत, फळं नाहीत.” तो म्हणाला, “गुर्जी, ती कारवी. तिला फुलाया सात वर्सं लागत्यात.” मग त्याने आपल्या घराची भिंत दाखवली. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा. तो ज्या घरात जन्मला, त्याच्या भिंती या झाडाच्या होत्या. मी त्याला म्हटलं, सात वर्षं कोण राहतंय इथे?

राहिलो. तिसऱ्या वर्षी बदलीचा अर्ज भरला आणि टपालात टाकलाच नाही. कारण विचारलं असतं तर तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच होतं, की तोवर मला वाटेवरची चाळीस-पन्नास झाडं नावाने ओळखता यायला लागली होती आणि कारवी कधी फुलते ते बघायचं राहिलं होतं.

आणि ती फुलली. पाऊस ओसरत असताना एका सकाळी जीवधन गडाच्या उतारावर जांभळट-निळा रंग दिसला. मला वाटलं ढगाची सावली आहे. जवळ गेलो तर अख्खा उतार फुलला होता, आणि आवाज! मधमाश्यांचा इतका आवाज की मुलांशी ओरडून बोलावं लागत होतं. त्या वर्षी कारवीचा मध खाल्ला, दाट नि गडद. फुलून झालं की कारवी वाळते, मरते. बोंडं तशीच काठीवर राहतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटून बी दूर उडवतात. त्या जूनमध्ये मी त्या वाळक्या रानात एकटा उभा राहून तो तडतडाट ऐकला. तो तिसरीतला मुलगा तेव्हा जुन्नरच्या हायस्कूलात होता. त्याला मुद्दाम निरोप पाठवला, तुझी कारवी फुलली म्हणून.

आता तूच सांग, मला त्या उतारावर जे वाटलं ते एखाद्या रविवारी मोटारीतून उतरलेल्या माणसाला कसं वाटेल? फुलं त्यालाही तितकीच सुंदर दिसली असती. पण त्याने सात वर्षं वाट पाहिली नव्हती.

म्हणून माझा तुला पहिला सल्ला हा, की या वर्षी नवीन ठिकाणी जाऊ नकोस. ठिकाणांची यादी केली असशील तर ती ठेवून दे. नाणेघाटालाच परत ये. एकदा नाही, वर्षभरात चार वेळा. आणि शनिवार-रविवार सोडून ये. एक दिवसाची रजा काढ, पुण्याहून जुन्नरची एस.टी. पकड, खिडकीची जागा घे. मोटार नको. मोटारीत तुम्ही आपापसात बोलता, गाणी लावता, बाहेर कोणी बघत नाही. एस.टी.त मंचरला कोणी कांद्याची पिशवी घेऊन चढतं, नारायणगावला टोमॅटोचे क्रेट रचलेले दिसतात, शेजारची आजी ‘कुठं जायचं, बाळा?’ असं विचारते आणि तू सांगितलंस की तिथे तिची कोण नांदते तेही सांगते. प्रवास तिथूनच सुरू होतो. जुन्नरहून घाटघरची गाडी असते. तिच्या वेळा मात्र आधी विचारून घे, आणि परतीची शेवटची गाडी कधी हे कंडक्टरकडूनच कळून घे.

जुलैत तू धबधबा उलटा उडताना पाहिलास. तो का उडतो ते कोणी सांगितलं होतं का? समुद्रावरून आलेला पावसाळी वारा कोकणातून सरळ येतो आणि त्या उभ्या कड्यावर आदळतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून कड्याला घासत वर चढतो, आणि इतक्या जोराने चढतो की वरून पडणाऱ्या पाण्याची धार खाली पोचण्याआधीच परत माथ्यावर भिरकावली जाते. पुढच्या वेळी पाण्याआधी वाऱ्याकडे लक्ष दे. कड्यापासून चांगलं दहा-पंधरा पावलं मागे, जमिनीवर बसून. कडेला जाऊन फोटो काढण्याचा वेडेपणा तू करणार नाहीस, तरीही सांगतो. तिथलं गवत पावसाळ्यात शेवाळासारखं निसरतं.

आणि ती गुहा. तुमच्यापैकी दोघं पाऊस चुकवायला आत जाऊन बसले होते, असं तू लिहिलंस. भिंतींवर काहीतरी खरडलेलं होतं, हेही लिहिलंस. बाळ, ते खरडलेलं नाही. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे तो, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. तिने आणि तिचा नवरा राजा सातकर्णी याने केलेले यज्ञ, दिलेलं दान, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी, सगळं मोजून लिहिलं आहे. आपल्या देशात आकडे कसे लिहीत, याचे फार जुने पुरावे त्या भिंतीवर आहेत. मी माझ्या चौथीला तिथे नेऊन गणिताचा तास घेत असे. आडव्या रेघा दाखवायचो, ही एक, या दोन. मुलं बोट न लावता हवेत त्या रेघा काढायची.

समोरच्या भिंतीवर राजाराणीचे आणि त्यांच्या माणसांचे पुतळे होते. वर नावं कोरलेली आहेत आणि खाली उरली आहेत फक्त पावलं. त्या पावलांपाशी एकदा दहा मिनिटं बस. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडायची असं म्हणतात. धापा टाकत वर चढलेले बैल, हमाल, व्यापारी, सगळे त्या गुहेच्या तोंडाशी टेकले असतील. तुझे मित्रही तिथेच टेकले. हे कळल्यावर पावसातला तो अर्धा तास तुला वेगळा वाटेल, याची मला खात्री आहे.

पावसाळा सगळ्यांचा असतो. मला विचारशील तर खरा घाट उन्हाळ्यात. डोंगर करपलेले, गवत पिवळंजर्द, कोकणावर धुरकट पडदा, एकही पाहुणा नाही. तेव्हा कुसुंबाच्या झाडाला नवी पालवी येते ती लालभडक, लांबून फुलंच वाटावीत अशी. आणि हिरड्याचे दिवस येतात. आमच्याकडच्या आदिवासी वाड्यांत बाळहिरडा हा वर्षाच्या मिठामिरचीचा आधार. फळ कोवळं, आतली बी धरायच्या आधी पाडायचं. बाप झाडावर चढून फांद्या हलवतो, खाली पोरंबाळं आणि आया वेचतात. मग अंगणात पसरून वाळवायचं. हिरवं फळ दोन-चार दिवसांत काळं, सुरकुतलेलं होतं. त्यातलं एक तोंडात टाकून बघ. आधी सगळं तोंड तुरट होऊन आक्रसतं, थुंकावंसं वाटतं. थुंकू नकोस. वर तांब्याभर पाणी पी. ते पाणी जे गोड लागतं, तसं गोड पाणी मी दुसरं प्यायलो नाही.

दर वेळी हे सगळं करायला तुला वेळ मिळणार नाही, ठाऊक आहे. नोकरी आहे, हप्ते आहेत. म्हणून आता तुझ्या खिडकीविषयी.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की समोरच्या झाडावर दिवसभर कोणीतरी टुक-टुक-टुक करतं आणि मीटिंगमध्ये लक्ष लागत नाही. सगळ्या पत्रात मला याच ओळीचा आनंद झाला. तो तांबट आहे. कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीने भांडी ठोकल्याचा जसा एका लयीत आवाज येतो, अगदी तसा, म्हणून हे नाव. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर तांबडा ठिपका, डोळ्यांभोवती पिवळा. पानांत बसला की दिसत नाही. एकदा शेंड्याच्या वाळक्या काटकीवर बसलेला सापडला की नीट बघ. ओरडताना तो चोच उघडत नाही. दर टुक्‌ला गळा फुगतो आणि मान इकडून तिकडे वळते. त्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो, आणि आपण भलत्याच फांदीवर शोधत राहतो.

आता फाल्गुन लागलाय. नर-मादी मिळून वाळक्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडत असतील. खाली भुसा पडलेला दिसला तर समज. तुमच्या सोसायटीत वाळक्या फांद्या छाटायचं निघालं तर जाऊन सांग, पावसाळ्यापर्यंत तेवढी फांदी राहू द्या. रोज सकाळी चहा घेऊन पाच मिनिटं तिथे उभी राहा. फोन आत ठेव. काही दिवस काही दिसणार नाही, ते चालेल. एके दिवशी त्या भोकातून एक जाडजूड चोच बाहेर आलेली दिसेल आणि मग तू ऑफिसला उशिरा पोचशील.

एक वही कर. तारीख आणि एक ओळ, बस. ‘आज तांबट दिसला नाही’ हीसुद्धा ओळ आहे. माझ्याकडे अशा एकतीस वह्या आहेत. कधी मन फार खाली गेलं तर मी मागच्या कुठल्या तरी वर्षाचा हाच दिवस काढून वाचतो. तुझ्या काकू गेल्या त्या वर्षीच्या वहीत चार महिने कोरे आहेत, आणि पाचव्या महिन्यात एकच ओळ : ‘पावशा ओरडला.’ त्या ओळीपासून मी पुन्हा घराबाहेर पडू लागलो. हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

चैत्रात ये. मधल्या वारी, गुरुवार चांगला. मी घाटघरच्या थांब्यावर असेन. तो तिसरीतला मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे, त्याच्या अंगणात हिरडा पसरलेला असेल आणि त्याची बायको नाचणीची भाकरी नि लसणाची चटणी केल्याशिवाय सोडणार नाही. टोपी आण, पाण्याची बाटली आण. तांबटाचं घर कुठल्या फांदीवर आहे ते तोवर शोधून ठेव, आल्याबरोबर तू मला ते सांगायचं आहेस.

तुझे,
सर