स्टार नेमका कुठे टाकायचा? : पे-पर-व्ह्यू जाहिरातींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी नाशिक परिसरातून आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते: पे-पर-व्ह्यू जाहिरातीत टार्गेट म्हणून वेबपत्ता टाकताना वाइल्डकार्ड, म्हणजे स्टार (*), कसा वापरायचा. पत्ते इथे देवनागरीत छापले आहेत, जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीच्या (नेटवर्कच्या) पोर्टलमध्ये ते रोमन अक्षरांत टाकावेत. ‘उदाहरण.कॉम’ च्या जागी तुम्हाला हवी ती साइट धरा.

प्रश्न : सिंहस्थाला येणाऱ्यांसाठी आमच्या होम-स्टेच्या खोल्या आहेत. एका मोठ्या हॉटेल-बुकिंग साइटचा पत्ता दोन्ही बाजूंना स्टार लावून टाकला. दिवसाचं बजेट सकाळीच संपलं आणि चौकशी एकही आली नाही. काय चुकलं? (पंचवटी)

दोन्ही बाजूंच्या स्टारमुळेच हे झालं. पे-पर-व्ह्यू पद्धतीत ग्राहकाने जाहिराती बघण्याच्या बदल्यात एखादं मोफत सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. तो टार्गेटशी जुळणाऱ्या पानावर गेला की तुमची जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडते आणि उघडली की पैसे कटतात, त्याने क्लिक केलं काय नि न केलं काय. क्लिकचे पैसे मोजता तेव्हा भलत्या माणसाला जाहिरात दिसली तरी तो क्लिक करत नाही, त्यामुळे निदान खर्च वाचतो. इथे तेवढंही संरक्षण नाही.

समजा बोली (एकदा जाहिरात उघडण्यासाठी तुम्ही देऊ केलेला दर) ०.०१५ डॉलर आहे. हजार वेळा जाहिरात उघडली म्हणजे १५ डॉलर गेले. त्यातले फक्त ४० जण नाशिकच्या खोल्या बघत असतील, तर कामाच्या एका माणसामागे ०.३७५ डॉलर पडले. बोलीच्या २५ पट!

*उदाहरण.कॉम* या टार्गेटमध्ये गोव्याची हॉटेलं आली, लॉगिनचं पान आलं, बुकिंग रद्द करण्याचं पानही आलं. सुरुवातीचा स्टार त्याहून वाईट. त्याने ‘जुनेउदाहरण.कॉम’ ही वेगळीच साइट पकडली जाते. शिवाय दुसऱ्या कुणाच्या पत्त्याच्या पोटात हे नाव असेल (‘दुसरी.कॉम/?पुढे=उदाहरण.कॉम’ असं), तर तेही जुळतं.

आता दुरुस्ती. त्या साइटवर स्वतः नाशिक आणि त्र्यंबकेश्वर शोधा, तारखा बदलून बघा आणि दहा-बारा पत्ते एकाखाली एक उतरवून घ्या. जो भाग सगळ्यांत सारखा आहे तो जसाच्या तसा ठेवायचा, स्टार फक्त बदलणाऱ्या भागाला. उदाहरणार्थ:

उदाहरण.कॉम/हॉटेल/नाशिक/*

इथे शेवटच्या तिरक्या रेघेकडे लक्ष द्या. ती गाळून ‘नाशिक*’ लिहिलंत, तर ‘नाशिक-रोड’ची पानंही येतील. पंचवटीत खोली देणाऱ्याला ती हवीत की नकोत, हे तुम्ही ठरवायचं. याउलट, ती रेघ ठेवली, तर ‘/नाशिक’ इथेच संपणारा पत्ता आणि ‘/नाशिक?तारीख=…’ असा पत्ता दोन्ही सुटतात. म्हणून एका ढगळ टार्गेटऐवजी तीन नेमकी टार्गेट टाका: रेघ आणि स्टार असलेलं, प्रश्नचिन्ह आणि स्टार असलेलं, आणि काहीच नसलेलं. तुमच्या नेटवर्कमध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा आहे का, हे मात्र आधी मदत-पानावर बघून घ्या.

कित्येक साइट्स शहराचं नाव न देता क्रमांक देतात, जसं ‘शहर=१२०४’. मग *शहर=१२०४* लिहिलं की १२०४५ क्रमांकाचं शहरही जुळतं. क्रमांकानंतर & लावा: उदाहरण.कॉम/*शहर=१२०४&*. क्रमांक पत्त्याच्या अगदी शेवटी येत असेल तर & नसतो, त्यासाठी शेवटी स्टार नसलेलं दुसरं टार्गेट ठेवा.

पैसे घालण्याआधी हे सगळं एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये फुकटात तपासता येतं. ‘ए’ रकान्यात उतरवलेले पत्ते, पहिल्या ओळीत ‘बी’पासून पुढे टार्गेट आणि ‘बी२’ मध्ये =काउंटइफ($ए२,बी$१) (हेही रोमन अक्षरांत टाका). सूत्र खाली आणि उजवीकडे ओढा. १ आलं तर जुळलं, ० आलं तर नाही. या सूत्राला स्टार कळतो. प्रश्नचिन्ह म्हणजे ते ‘कोणतंही एक अक्षर’ समजतं, म्हणून खऱ्या प्रश्नचिन्हाआधी ~ टाकावं लागतं. यादीत मुद्दाम वीसेक नको असलेले पत्तेही घाला. नको ते किती जुळतात, हे त्याशिवाय दिसणार नाही. एक मर्यादा ध्यानात ठेवा: काउंटइफ लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, नेटवर्क करत असेल.

प्रश्न : डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून टाकायचं की न लावता? (सातपूर)

तुमच्या नेटवर्कमध्ये पत्ता तपासताना सुरुवातीचा हा भाग काढून टाकतात का, त्यावर ते अवलंबून आहे. काढत नसतील तर मोबाइलची ‘एम.’ने सुरू होणारी आवृत्तीही वेगळी धरली जाते. ‘*.उदाहरण.कॉम/*’ लिहिल्यावर सगळं आलं असं वाटतं. पण शब्दशः जुळवणी असेल तर टिंबामुळे नुसतं ‘उदाहरण.कॉम’ सुटतं. आणि टिंब काढलं की वर सांगितलेली ‘जुनेउदाहरण.कॉम’ आत येते. दोन टार्गेट टाकणं हाच सुरक्षित मार्ग: एक टिंबासह, एक स्टारशिवाय सरळ नावाने सुरू होणारं.

प्रश्न : आपल्या शहराचं नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात. एका स्टारमध्ये दोन्ही बसतील ना? (गंगापूर रोड)

बसतील, पण तसं करू नका. एका स्पेलिंगमध्ये ‘एच’ आहे, जुन्यात नाही. स्टार म्हणजे शून्य किंवा कितीही अक्षरं, त्यामुळे ‘एनएएस’ आणि ‘आयके’ यांच्यामध्ये स्टार ठेवला की दोन्ही स्पेलिंग जुळतात हे खरं. पण बहामाची राजधानी नॅसॉ हिचं स्पेलिंगही ‘एनएएस’नेच सुरू होतं. त्याच पत्त्यात पुढे कुठेही ‘आयके’ आलं, समजा ‘बाइक’ या शब्दात, की बहामात भाड्याने बाइक शोधणारा माणूस तुमच्या खर्चाने द्राक्षांच्या गावात येतो. दोन स्पेलिंगची दोन टार्गेट करा.

मराठी साइट्सबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पत्त्यात देवनागरी ‘नाशिक’ दिसतं ते ब्राउझरने आपल्यासाठी केलेलं रूप असतं. प्रत्यक्षात पत्ता सांकेतिक रूपात जातो. न, काना, श, वेलांटी, क ही पाच चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षर-अंक. म्हणजे ‘नाशिक’ या एका शब्दाची ४५ अक्षरं होतात. टार्गेटमध्ये देवनागरी टाइप केलंत तर बऱ्याचदा काहीच जुळत नाही. पत्त्याच्या पट्टीतून कॉपी करून पेस्ट करा, सांकेतिक रूप आपोआप येईल. या संकेतातली अक्षरं काही साइट्स मोठ्या लिपीत लिहितात, तर वर्डप्रेसवरच्या साइट्स छोट्या लिपीत. नेटवर्क लिपीत फरक करत असेल तर दोन्ही टाका.

प्रश्न : हेच गूगल अ‍ॅड्समध्ये करता येईल का? (सिन्नर)

नाही. तिथे प्लेसमेंट (जाहिरात दिसण्याची जागा) म्हणून साइट निवडता येते, पण स्टार चालत नाही. आणि त्या साइटने गूगलच्या जाहिरातींना जागा दिलेली असेल तरच तुमची जाहिरात तिथे दिसते.

प्रश्न : आमचं पैठणीचं ऑनलाइन दुकान आहे. स्पर्धकाच्या साइटचा पत्ता टार्गेट करणं कायदेशीर आहे का? (येवला)

अमेरिकेत याच प्रकारावर गाजलेला निकाल २००५ चा आहे. ‘१-८०० कॉन्टॅक्ट्स’ (लेन्स विकणारी कंपनी) विरुद्ध ‘व्हेनयू’ (पॉप-अप दाखवणारी कंपनी) या खटल्यात, स्पर्धकाचा वेबपत्ता पडद्याआड यादीत ठेवून पॉप-अप दाखवणं हा ट्रेडमार्कचा ‘वापर’ ठरत नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं. आपल्याकडचा कल वेगळा दिसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलच्या कीवर्डबद्दल (ज्या शोधशब्दावर जाहिरात दाखवली जाते त्याबद्दल) निकाल देताना, ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हा जाहिरातीतला वापरच आहे, असं सांगितलं. ग्राहकाची दिशाभूल झाली नसेल तर मात्र तेवढ्यावरून उल्लंघन ठरत नाही. म्हणून जाहिरातीत स्पर्धकाचं नाव, बोधचिन्ह किंवा त्याच्यासारखी रंगसंगती नको. तुमच्या दुकानाचं नाव सगळ्यांत वर आणि ठळक हवं. प्रकरण वाढण्याची शक्यता असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

नेटवर्क निवडतानाही जपा. झँगो या कंपनीने लोकांच्या स्पष्ट संमतीशिवाय त्यांच्या संगणकात सॉफ्टवेअर घुसवल्याच्या आरोपावरून २००६ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी ३० लाख डॉलरची तडजोड केली. सॉफ्टवेअर कोणत्या संमतीने बसतं आणि ते काढायचं कसं, हे सांगायला टाळाटाळ करणाऱ्या नेटवर्कला पैसे देऊ नका. अशा मार्गाने आलेला ग्राहक चिडलेलाच येतो.

प्रश्न : स्टारवाली आणि नेमकी टार्गेट एकाच कॅम्पेनमध्ये ठेवली आहेत. एक पान दोन्हींत बसलं तर? (इंदिरानगर)

काही ठिकाणी जास्त नेमकं टार्गेट जिंकतं, काही ठिकाणी मोठी बोली. तुमच्या नेटवर्कचा नियम लेखी विचारून घ्या. तोवर दोन कॅम्पेन वेगळी करा. स्टारवाल्याची बोली किमान आणि रोजचं बजेट छोटं ठेवा. त्याचं काम पानं शोधून देणं एवढंच. जाहिरातीच्या दुव्यात नेटवर्कने दिलेलं टार्गेटचं टोकन (ज्याच्या जागी जुळलेलं टार्गेट आपोआप भरलं जातं तो शब्द) जोडा, म्हणजे चौकशी कोणत्या टार्गेटवरून आली ते कळेल. नेटवर्क जुळलेला पूर्ण पत्ताही टोकनमधून देत असेल तर तोही घ्या, कारण एका स्टारखाली शेकडो पानं लपलेली असतात. चौकशी देणारं पान दिसलं की ते नेमक्या कॅम्पेनमध्ये हलवा, बोली वाढवा आणि स्टारवाल्यात त्याला वगळण्याच्या यादीत टाका. लॉगिन, मदत आणि बुकिंग रद्द करण्याची पानं पहिल्या दिवसापासूनच त्या यादीत हवीत. एकाच माणसाला २४ तासांत एकदाच जाहिरात दिसेल अशी मर्यादाही लावून ठेवा. नाहीतर दहा हॉटेलं चाळणाऱ्या एकाच प्रवाशामागे दहा वेळा पैसे जातील.